विंचू उतरतो तेव्हा

पन्नास-साठ वर्षांपूर्वी घाटकोपर, मुलुंड किंवा अंधेरीच्या एखाद्या चाळीत ज्यांचे बालपण गेले, त्यांना आपल्या फॅमिली डॉक्टरांचा दवाखाना आजही आठवत असेल. बाहेर लाकडी बाक, आत अर्ध्या उंचीचे झुलते दार, खिडकीपलीकडे कंपाउंडर आणि त्याच्या हातची ती गुलाबी मिक्श्चरची बाटली. बाटलीला कंगोरे कातरलेली कागदी पट्टी चिकटवलेली असे. एक कंगोरा म्हणजे एक डोस. मिक्श्चर कडू असे आणि ते कडू असल्याखेरीज घरातील वडीलधारी मंडळी त्याला औषध म्हणून मान्यता देत नसत. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, पोट दाबून पाहिले आणि 'काही नाही, परवा शाळेत जाशील' असे म्हटले की दवाखान्याच्या पायऱ्या उतरतानाच पोटातील कळ निम्मी ओसरलेली असे. औषध अद्याप बाटलीतच असे, तरी गुण आलेला असे. मोठी माणसे त्याला 'हातगुण' म्हणत आणि त्या एका शब्दात विषय संपवीत.

त्या बाटल्या आता गेल्या. कंगोऱ्यांच्या पट्टीची जागा चकचकीत वेष्टनांतील गोळ्यांनी घेतली आणि मिक्श्चरच्या कडूपणाची जागा सुईने घेतली. उपनगरांतील दाट वस्त्यांमधल्या दवाखान्यांत आजही संध्याकाळी 'डॉक्टर, एक इंजेक्शन द्याच' असा आग्रह ऐकू येतो. अंग मोडून आले, अशक्तपणा वाटला की 'सलाईन चढवा' अशी मागणी होते. सलाईन म्हणजे मिठाचे पाणी, फार तर त्यात थोडी साखर. ज्याला तोंडाने पाणी घेता येते त्याला ते शिरेतून देण्यात सहसा काहीच हशील नसते. तरीही मनुष्य तासभर बाटलीखाली पडून उठतो आणि 'आता बरे वाटते' असे सांगतो. तो खोटे बोलत असतो काय? की त्याला फसविण्यात आलेले असते? की या दोन्हींहून वेगळे असे काही तेथे घडलेले असते? हा प्रश्न वरवर पाहता करमणुकीचा वाटेल. वस्तुतः तो रुग्णशय्येवर पडलेल्या माणसाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न आहे, आणि म्हणूनच त्याचा थोडा खोलात जाऊन विचार करावयास हवा.

वैद्यकशास्त्राने या अनुभवाला 'प्लासिबो' असे नाव दिले आहे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'मी संतुष्ट करीन' असा. ज्यात औषधी द्रव्य नाही असा उपचार म्हणजे प्लासिबो, आणि त्यामुळे रुग्णाला जाणवणारा पालट म्हणजे प्लासिबोचा परिणाम. त्याची पहिली पद्धतशीर परीक्षा इंग्लंडमधील बाथ या गावी १७९९ साली झाली. एलिशा पर्किन्स या अमेरिकन वैद्याने सांधेदुखीवर धातूच्या दोन टोकदार कांड्या फिरविण्याचा उपाय काढला होता आणि १७९६ साली त्याचे पेटंटही मिळविले होते. जॉन हेगार्थ या डॉक्टरने तशाच दिसणाऱ्या लाकडी कांड्या करविल्या आणि त्या पाच रुग्णांवर फिरविल्या. पाचांपैकी चौघांनी दुखणे कमी झाल्याचे सांगितले! दुसऱ्या दिवशी खऱ्या धातूच्या कांड्या वापरल्या, तेव्हाही साधारण तोच अनुभव आला. धातूत काही गुण नव्हता, हे सिद्ध झाले. परंतु मग गुण कशाने आला, हा प्रश्न शिल्लक राहिला.

त्याचे उत्तर शोधण्यास दुसऱ्या महायुद्धाने चालना दिली. १९४४ साली इटलीतील अँझिओच्या रणभूमीवर हेन्री बीचर हा अमेरिकन डॉक्टर जखमी सैनिकांवर उपचार करीत होता. त्याला आढळले की, गंभीर जखमा झालेल्या सैनिकांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश सैनिक 'वेदनाशामक हवे काय' या प्रश्नाला नकार देत होते. मुलकी जीवनात याहून लहान शस्त्रक्रियेनंतर माणसे मॉर्फीनसाठी तळमळत. बीचरने यातून काढलेला निष्कर्ष असा की, जखमेचा आकार आणि वेदनेचा आकार सारखा नसतो. मधे अर्थ असतो. सैनिकाच्या लेखी जखम म्हणजे मृत्यूच्या तावडीतून सुटका आणि घरचा रस्ता. नागरिकाच्या लेखी तीच जखम म्हणजे आपत्तीचा आरंभ. वेदना केवळ नसांतून वर येत नाही, ती मनाच्या उंबरठ्यावर थांबते आणि तेथे तिची विचारपूस होते.

याच बीचरने १९५५ साली पंधरा चाचण्यांतील एक हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र करून, सुमारे पस्तीस टक्के रुग्णांना प्लासिबोने आराम पडतो असे जाहीर केले. हा आकडा पुढे इतका रूढ झाला की, वैद्यकाच्या पुस्तकांत तो जणू निसर्गनियमासारखा वावरू लागला. परंतु त्यात एक दोष होता. कित्येक दुखणी आपोआप ओसरतात, आणि माणूस डॉक्टरकडे जातो तो सहसा दुखणे ऐन भरात असताना. त्यानंतर ते उतरणीला लागायचेच. हा नैसर्गिक उतार बीचरने प्लासिबोच्या खाती जमा केला होता. २००१ साली दोन डॅनिश संशोधकांनी काहीच उपचार न केलेल्या रुग्णांशी तुलना असलेल्या शंभराहून अधिक चाचण्या तपासल्या, तेव्हा प्लासिबोचा मोठेपणा बराच खाली आला. रुग्णाच्या सांगण्यापलीकडे मोजता येणाऱ्या बाबींवर लक्षणीय परिणाम दिसेना. तथापि एक गोष्ट त्या झाडाझडतीतूनही टिकून राहिली. ती म्हणजे वेदना. तेथे परिणाम लहान होता, पण होता.

तो का असावा, याचा उलगडा १९७८ साली सॅन फ्रान्सिस्को येथे झालेल्या एका प्रयोगाने होऊ लागला. माणसाचा मेंदू अफूसारखी वेदनाशामक द्रव्ये स्वतःच तयार करतो, हे तीन वर्षांपूर्वीच उघड झाले होते. लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स या तिघांनी अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांना प्लासिबो दिले. काहींचे दुखणे त्याने कमी झाले. मग त्यांना नॅलोक्सोन हे औषध देण्यात आले. मॉर्फीनचा अतिरेक झाला असता त्यावर उतारा म्हणून जे देतात, तेच हे द्रव्य. ते देताच, प्लासिबोने ज्यांना आराम पडला होता त्यांचे दुखणे पुन्हा वाढले. मॉर्फीनच्या उताऱ्याने केवळ 'कल्पना' उतरेल कशी? अर्थ स्पष्ट होता. आता बरे वाटणार या अपेक्षेने मेंदूने आपल्याच कोठारातील वेदनाशामक बाहेर काढले होते. पुढील काळात या विषयावर पुष्कळ वाद झाले, इतर रसायनांचाही सहभाग दिसून आला. पण मूळ मुद्दा अबाधित राहिला. असा आराम नाटकी नसतो, तो शरीरात घडतो.

येथपर्यंतचे विवेचन वाचून एखादा मांत्रिक खूष होईल, आणि नेमका तेथेच धोका आहे. बोरिवली-मुलुंडकडील कित्येक कुटुंबांची मुळे कोकणात आहेत. गावी विंचू चावला की मांत्रिकाकडे नेण्याची रीत त्यांतील बुजुर्गांनी पाहिलेली असते. मांत्रिक राखेची चिमूट घेतो, पुटपुटतो, मांडीपासून पावलाकडे हात फिरवितो आणि 'उतरला का? कुठवर आला?' असे विचारत राहतो. रोगी सांगतो, 'गुडघ्याखाली आला.' थोड्या वेळाने, 'घोट्यावर आला.' विंचू उतरतो! यात लबाडीच असते असे नाही. बहुतेक विंचूदंशांतील वेदना काही तासांनी आपोआप कमी होते. त्यात मांत्रिकाचे आश्वासन, जमलेली माणसे आणि वेदनेला 'खाली' जाण्याची दाखविलेली वाट यांची भर पडते. वर सांगितलेली मेंदूतील यंत्रणा मंत्रालाही तितकीच वश असते. ती मंत्र आणि डॉक्टरी शब्द असा भेद करीत नाही.

परंतु कोकणातल्या लाल विंचवाचे विष काही रुग्णांत केवळ वेदनेवर थांबत नाही. ते हृदयावर आणि रक्तवाहिन्यांवर जाते. घाम फुटतो, हातपाय गार पडतात, फुप्फुसांत पाणी साचते आणि धडधाकट मूल काही तासांत दगावते. १९७६ पासून महाडजवळील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्यकेंद्रात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी असे मृत्यू डोळ्यांदेखत पाहिले. रुग्णांच्या उशाशी रात्रंदिवस बसून त्यांनी लक्षणांच्या नोंदी केल्या, १९८२ साली त्या 'लॅन्सेट' या विख्यात नियतकालिकात प्रसिद्ध झाल्या आणि पुढे रक्तदाबावरील प्राझोसिन हे साधे, स्वस्त औषध या विषबाधेवर त्यांनी उपयोगात आणले. गंभीर विषबाधा झालेल्यांपैकी पूर्वी सुमारे तीस टक्के रुग्ण दगावत. प्राझोसिनच्या वापरानंतर ते प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

मंत्र आणि प्राझोसिन यांतील अंतर हेच या संपूर्ण विषयाचे मर्म आहे. मंत्राने वेदना उतरू शकते. फुप्फुसांतील पाणी उतरत नाही. किंबहुना वेदना उतरल्याच्या समाधानात जे दोन-तीन तास जातात, तेच प्राणांवर बेततात. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा ठरविण्यात आला, तो याच कारणाने. कायद्याने कोणाचे समाधान हिरावून घेतलेले नाही. समाधानाने उपचाराची वाट अडवू नये, एवढेच बजावले आहे.

हा भेद प्रयोगशाळेतही तितकाच ठसठशीत दिसला. बोस्टन येथे दम्याच्या रुग्णांवर केलेली एक चाचणी २०११ साली प्रसिद्ध झाली. रुग्णांना आलटूनपालटून खरे साल्ब्युटामॉल, पोकळ पंप आणि खोटे सुईउपचार देण्यात आले. काही वेळा काहीच देण्यात आले नाही. 'किती बरे वाटले' असे विचारता पहिल्या तिन्ही उपचारांना जवळजवळ सारखेच गुण मिळाले, पन्नास टक्क्यांच्या आसपास. काहीच न देता मिळालेला आकडा एकवीस होता. पण यंत्राने श्वासाचा जोर मोजला तेव्हा खऱ्या औषधाने तो वीस टक्क्यांनी वाढलेला आढळला, आणि बाकी तिन्ही वेळा केवळ सात टक्क्यांनी. बरे वाटणे आणि बरे होणे या दोन क्रियापदांत मराठीने जो सूक्ष्म फरक राखला आहे, तो येथे आकड्यांत उतरला आहे. वेदनेच्या बाबतीत बरे वाटणे हेच बऱ्याच अंशी बरे होणे असते. दम्याच्या, हृदयाच्या, मधुमेहाच्या बाबतीत ते तसे नसते.

नाण्याची दुसरी बाजू मात्र याहून कमी चर्चिली जाते आणि ती अधिक क्लेशकारक आहे. प्रस्तुत लेखकाचे एक स्नेही मुलुंडच्या एका शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक आहेत. काही वर्षांपूर्वी घरात पाय घसरून त्यांचे मांडीचे हाड मोडले आणि उपनगरातील एका रुग्णालयात त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या रात्री त्यांना असह्य वेदना होऊ लागल्या. तिसऱ्यांदा हाक मारल्यावर त्यांना एक इंजेक्शन देण्यात आले आणि अर्ध्या तासात त्यांचा डोळा लागला. सकाळच्या फेरीच्या वेळी त्यांच्या कानांवर आले की, रात्रीचे इंजेक्शन नुसत्या पाण्याचे होते, काकांना पाण्यानेच झोप लागली, तेव्हा दुखणे काही विशेष नसावे. त्यानंतरच्या दोन रात्री त्यांच्या हाकेला कोणी फारसे महत्त्व दिले नाही. पुढे त्यांनी हाक मारणेच सोडले. चौथ्या दिवशी ताप भरला, पट्टी सोडून पाहिली, तेव्हा जखमेत पू झालेला आढळला. ते बरे झाले, आता काठी घेऊन चालतातही. पण दुखण्यापेक्षा आपण खोटे ठरलो याचा सल त्यांच्या मनातून अजून गेलेला नाही. छत्तीस वर्षे ज्याने मुलांच्या उत्तरपत्रिका तपासल्या, त्याला आयुष्याच्या संध्याकाळी अशा परीक्षेत नापास करण्यात आले, आणि ती परीक्षाच मुळात चुकीची होती.

ती चुकीची होती, असे निःसंदिग्धपणे म्हणता येते. पाण्याच्या इंजेक्शनाने ज्याचे दुखणे थांबते त्याचे दुखणे खोटे, हा समज वैद्यकाच्या क्षेत्रात दीर्घकाळ वावरला आहे. अक्कलदाढ काढलेल्यांचे दुखणे काही कल्पित नव्हते. हिरडीत ताजी जखम होती. तरी त्यांतील काहींना प्लासिबोने आराम पडला. मोडलेले हाड, शस्त्रक्रियेची जखम, अशा निर्विवाद खऱ्या वेदनाही प्लासिबोने काही काळ शमू शकतात. मग प्लासिबोने शमलेली वेदना खोटी, हा निष्कर्ष कोणत्या तर्कशास्त्रात बसतो? त्या रात्री त्या शिक्षकांच्या मेंदूने आपली शिल्लक खर्च करून त्यांना झोपविले. ज्याने स्वतःच्या खिशातून पैसे भरले त्याच्यावर देणे नव्हतेच, असे म्हणण्यासारखे हे झाले.

वेदना मोजण्याचे यंत्र अद्याप निघालेले नाही. ज्याला दुखते त्याचा शब्द हाच पुरावा असतो, आणि तो शब्द आपल्या समाजात सर्वांचा सारख्या किमतीला जात नाही. बाईचे दुखणे 'मनाचे' ठरते, म्हाताऱ्याचे 'वयाचे', गरिबाचे 'सुट्टीसाठीचे'. वेदनेविषयीची ही अनास्था केवळ व्यक्तींची नाही. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने मॉर्फीनभोवती परवान्यांचे असे कुंपण घातले की, ज्या देशात अफू पिकते त्या देशातील कर्करोगाचे रुग्ण वर्षानुवर्षे तळमळत राहिले. २०१४ साली दुरुस्ती होऊन अत्यावश्यक वेदनाशामकांसाठीचे नियम सुटसुटीत झाले. वांद्र्याला १९८६ साली 'शांती अवेदना सदन' सुरू झाले, ते देशातील पहिले शुश्रूषागृह ठरले. बरे होणे ज्यांच्या नशिबी उरलेले नाही त्यांचे दुखणे तरी कमी व्हावे, एवढ्याच हेतूने एक वास्तू उभी राहावी, ही गोष्ट या उपनगरांना भूषणावह आहे. प्लासिबोच्या गुणगानाचा उपयोग खरे वेदनाशामक नाकारण्यासाठी होता कामा नये, हे म्हणूनच आवर्जून सांगावयास हवे.

मग या यंत्रणेचा प्रामाणिक उपयोग काहीच नाही काय? आहे, आणि त्यासाठी फसवणुकीची गरज नाही. इटलीतील ट्युरिन येथे फाब्रिझिओ बेनेडेट्टी यांनी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांवर केलेल्या प्रयोगांत, तेच वेदनाशामक काहींना यंत्राद्वारे नकळत देण्यात आले आणि काहींना उशाशी उभे राहून 'आता दुखणे कमी होईल' असे सांगून. न सांगता दिलेले औषध कमी पडले. म्हणजे हातगुण हा औषधाला पर्याय नसून खऱ्या औषधातीलच एक घटक आहे, आणि तो बोलून द्यावा लागतो. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका चाचणीत आतड्यांच्या जुनाट विकाराच्या २६२ रुग्णांचे तीन गट केले होते. केवळ प्रतीक्षायादीत ठेवलेल्यांपैकी २८ टक्क्यांना, खोटे सुईउपचार अबोलपणे घेतलेल्यांपैकी ४४ टक्क्यांना, आणि तेच उपचार आपुलकीने, वेळ देऊन, विचारपूस करून घेतलेल्यांपैकी ६२ टक्क्यांना पुरेसा आराम पडला. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटांत सुई एकच होती. अंतर केवळ माणुसकीचे होते. २०१० च्या आणखी एका चाचणीत तर रुग्णांना 'या गोळ्यांत औषध नाही' असे स्पष्ट सांगूनही त्या दिल्या, आणि तरीही काहीच न घेणाऱ्यांपेक्षा अधिक जणांना बरे वाटले.

अर्थात यावर डॉक्टरांची बाजूही ऐकली पाहिजे. उपनगरातील सार्वजनिक रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात सकाळी लागणारी रांग ज्याने पाहिली आहे, तो एकेका रुग्णाशी वीस मिनिटे बोला असा उपदेश करण्यास धजणार नाही. वस्तीतील डॉक्टरचीही अडचण खोटी नाही. सुई दिली नाही तर रुग्ण समोरच्या दवाखान्यात जातो. पण या व्यवहारात रुग्ण पैसे देतो, अनावश्यक टोचण सोसतो आणि निष्काळजीपणे वापरलेल्या सुईतून कावीळ पसरण्याचा धोका पत्करतो. ज्या शब्दांनी फुकट मिळू शकले असते, ते तो सुईच्या भावाने विकत घेतो. जो वेळ आपण डॉक्टरांना देत नाही, तो ते आपल्याला देऊ शकत नाहीत. अधिक डॉक्टर, अधिक परिचारिका आणि कमी लांबीच्या रांगा, हीसुद्धा वेदनेवरील उपाययोजनाच आहे. महापालिकेच्या अर्थसंकल्पात तिला कोणी औषध म्हणत नाही, एवढेच.

जोपर्यंत ते होत नाही तोपर्यंत काही गोष्टी तरी होण्यासारख्या आहेत. पाण्याचे इंजेक्शन देऊन दुखणे पारखण्याची प्रथा जेथे शिल्लक असेल तेथे ती लेखी नियमाने बंद व्हावी. वेदनाशामक देताना ते काय आहे आणि किती वेळात गुण येईल हे रुग्णाला सांगितले जावे. या वाक्याला दहा सेकंद लागतात. आणि आपण, रुग्णांनी, डॉक्टरांकडे सुईऐवजी स्पष्टीकरण मागण्याची सवय लावून घ्यावी.

त्या जुन्या कंपाउंडरच्या गुलाबी मिक्श्चरात काय असे, हे आपल्याला कधी कळले नाही. पण बाटली देण्यापूर्वी डॉक्टर चष्म्यावरून आपल्याकडे पाहत आणि कुठे दुखते हे विचारत. आपण सांगत असू, ते ऐकत असत, आणि आपले दुखणे खरे मानले जात असे. मिक्श्चर गेले त्याची खंत नको. विचारपूस गेली, ती परत आणता येईल.